सर रिप्लायच देत नाहीत! : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती की कॉम्प्युटर सायन्समध्ये रिसर्च करायचाय, एखाद्या प्रोफेसरांच्या ग्रुपमध्ये शिरायचंय, अशांनी प्रश्न पाठवा, आणि पुढच्या पंधरा दिवसांत इनबॉक्सचा पार संध्याकाळच्या गर्दीतला कोल्हापूरचा दसरा चौक झाला. सगळ्यांना उत्तर देणं काय जमणार नाही, सहा उचललेत. नावं काढून टाकलीत, कारण तिघांनी बजावून लिहिलंय, 'नाव छापू नका, कॉलेजात कळंल.'

प्रश्न : सर, मी थर्ड इयर कॉम्प्युटरला आहे, पॉइंटर (मार्कांची सरासरी) ८.७, एकही केटी (राहिलेला विषय) नाही. आयआयटी, आयआयएस्सी, ट्रिपल आयटी सगळीकडं मिळून ६४ प्रोफेसरांना समर इंटर्नशिपसाठी मेल केले. दोन रिप्लाय आले, त्यातला एक ऑटोमॅटिक होता. काय चुकतंय? मेलचा मजकूर खाली पेस्ट केलाय. (राजारामपुरी)

भावा, मेल वाचला. पहिलीच ओळ 'रिस्पेक्टेड सर/मॅडम'. ती मधली तिरकी रेघ बघूनच माणसाला कळतं की हे पत्र आपल्याला लिहिलेलं नाही, गावजेवणाचं आवतण आहे. पुढं तू म्हणतोस तुला एआय, एमएल, ब्लॉकचेन, आयओटी आणि क्लाउड या सगळ्याची पॅशन आहे. एवढ्या पॅशन एका माणसाला झेपत नाहीत रे. आणि मधला जो 'युअर एस्टीम्ड रिसर्च' वाला पॅरा आहे तो चॅटजीपीटीनं लिहिलाय हे मला दुसऱ्या वाक्यात कळलं, तर ज्यांच्याकडं असले मेल ढिगानं येतात त्यांना कळणार नाही व्हय.

मी काय लय शहाणा नव्हतो. माझ्या वेळी चॅटजीपीटी नव्हतं, कॉपी-पेस्ट होतं. एकाच डिपार्टमेंटमधल्या दोन सरांना तोच मेल टाकला आणि दुसऱ्याचं नाव बदलायचं राहिलं. तासाभरात रिप्लाय! आनंदानं उघडला तर एकच ओळ होती, 'तुम्ही ज्यांना लिहिलंय ते शेजारच्या खोलीत बसतात.' आजही कुठल्या कॉन्फरन्सला ते सर दिसले की मी चहाच्या टेबलाची बाजू बदलतो.

आता जरा त्यांच्या खुर्चीत बसून बघ. पोरगा दोन महिन्यांसाठी आला की पहिले दोन-तीन आठवडे सर्व्हरचं अकाउंट काढून देणं, कोड समजावणं, काय वाचायचं ते सांगणं यातच जातात, आणि हे सगळं करतं कोण, तर त्यांचा एखादा पीएचडीचा विद्यार्थी, ज्याची स्वतःची डेडलाइन डोक्यावर असते. जरा कुठं हात बसला तोवर जुलै उजाडतो आणि पोरगा बॅग उचलून कोल्हापूरच्या गाडीत. म्हणजे तू 'फुकट काम करतो सर' म्हणालास तरी त्यांना ते फुकट पडत नाहीच. पोरं त्यांच्याकडं भरपूर आहेत, वेळ नाही. तुझ्या मेलमधनं त्यांना एवढंच दिसायला पाहिजे की ह्याच्यावर घातलेला वेळ वाया जाणार नाही, आणि पॉइंटर बघून ते कळत नाही.

म्हणून ६४ सोड, पाच निवड. डीबीएलपी नावाची साइट आहे, जर्मनीतनं चालते, फुकट आहे, तिथं प्रोफेसरांचं नाव टाकलं की वर्षवार पेपर, म्हणजे छापून आलेले शोधनिबंध, दिसतात. गेल्या दोन-तीन वर्षांतलेच बघ, कारण वेबसाइटवर 'रिसर्च इंटरेस्ट' म्हणून जे लिहिलेलं असतं ते कधीकधी दहा वर्षांपूर्वीचं असतं, माणूस तिथनं कधीच पुढं गेलेला असतो. नावांचा क्रम पण बघ. आपल्या फील्डमध्ये बहुतेक ठिकाणी पहिलं नाव ज्यानं मुख्य काम केलं त्याचं आणि शेवटचं गाईडचं असतं (थिअरीवाले आडनावाच्या अकारविल्हे लावतात, तिथं हा हिशोब चालत नाही). पहिल्या नावांत बीटेकची पोरं दिसली तर समज की ह्या ग्रुपमध्ये लहान पोरांना खरं काम मिळतं. आणि तिथल्या एखाद्या पीएचडीवाल्याला विचार, सर आठवड्याला भेटतात का, का महिन्यातनं एकदा दर्शन. ते खरं सांगतात, त्यांना सांगायलाच कुणीतरी पाहिजे असतं.

मग पाचातल्या एकाचा असा पेपर घे ज्याचा कोड त्यांनी उघडा टाकलाय, आणि तो रन कर. एवढंच. हे 'एवढंच' करायला तुला दोन आठवडे लागतील. लायब्ररीची व्हर्जन जुळणार नाहीत, डेटाची लिंक मेलेली असेल, तुझ्या लॅपटॉपला जीपीयू (मॉडेल जोरात चालवणारी चिप) नाही म्हणून गूगलच्या कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरनं वापरायच्या त्यांच्या मशीनवर, जाशील आणि तिथं मधेच सेशन तुटेल. तुटू दे. त्यातनं जे कळतं ते सीव्हीत लिहिता येत नाही पण मेलमध्ये दिसतं.

समज, तू स्पीच रेकग्निशन घेतलंस, म्हणजे कॉम्प्युटरनं बोललेलं ऐकून लिहून काढायचं. व्हिस्पर नावाचं मॉडेल ओपनएआयनं २०२२ साली उघडं केलं, ६ लाख ८० हजार तासांच्या ऑडिओवर शिकवलेलं, मराठी पण ओळखतं. आता आईला बसव आणि तिच्या आवाजात शंभर वाक्यं रेकॉर्ड कर, पुस्तकी नकोत, ती फोनवर मावशीशी बोलते तसली. 'मी काल मंडईत गेलतो', 'पोरगं जेवलं न्हाई अजून', 'काय करालईस'. मॉडेलला दे आणि बाहेर काय येतंय ते मूळ वाक्याशेजारी मांड. चुकलेले शब्द, गळालेले शब्द आणि उगाच घुसलेले शब्द यांची बेरीज करून मूळ शब्दांच्या संख्येनं भागलं की वर्ड एरर रेट मिळतो. हा आकडा शंभर टक्क्यांच्या वर पण जाऊ शकतो, घाबरू नको, घुसलेले शब्द जास्त झाले की तसं होतं. मग तीच वाक्यं प्रमाण मराठीत म्हणवून घे, 'गेलतो'च्या जागी 'गेले होते' (कोल्हापुरात बायका पण 'गेलतो'च म्हणतात), आणि परत मोज. दोन आकड्यांत फरक निघाला तर तो तू स्वतः मोजलेला आहे, कुठल्या ब्लॉगवरनं उचललेला नाही. आणि नाही निघाला तर ते पण सांगण्यासारखंच आहे.

आता मेल. इंग्रजीतच लिही, पण काय लिहायचं ते मराठीत सांगतो : 'सर, तुमच्या ग्रुपचा बोलीभाषांवरचा अमुक पेपर वाचला आणि कोड चालवला. तिसऱ्या टेबलमधला आकडा मला जुळला नाही, माझा जरा जास्त येतोय, कारण बहुतेक मी डेटा वेगळ्या पद्धतीनं साफ केला. कोल्हापुरी बोलीतल्या १०० वाक्यांवर पण करून बघितलं, "गेलतो", "आलतो" असली रूपं मॉडेल तोडून दोन शब्द करतंय. कोड आणि आकडे ह्या लिंकवर आहेत. परीक्षा मेअखेर संपते, त्यानंतर ८ आठवडे पूर्ण वेळ देऊ शकतो. ह्यावर पंधरा मिनिटं बोलता येईल का?' झालं. खाली नाव, कॉलेज, वर्ष. सीव्ही एक पान. 'आकडा जुळला नाही' लिहायला लाजू नको, मला विचारशील तर पूर्ण मेलमध्ये सगळ्यात वजनदार ओळ तीच आहे, फक्त 'तुमचं चुकलंय' अशा सुरात लिहू नको, नव्वद टक्के वेळा आपलंच चुकलेलं असतं. दोन आठवडे थांब, एक आठवण कर, तरी काय नाही आलं तर पुढच्याकडं. मनाला लावून घेऊ नको, लोकांच्या डोक्यावर ग्रँटचे कागद, पेपर तपासणं, घरचं दुखणं-खुपणं काय काय असतं.

गंगावेशीत तालमीत नवीन पोरगं गेलं तर 'मला कुस्तीची पॅशन आहे' असं पत्र घेऊन जातं व्हय? पहाटे जाऊन उभं राहतं, वस्ताद म्हणाले हौद्यातली माती उकर, तर उकरतं. डाव नंतर.

आणि हो, ६४ मेलच्या आधी तुझ्या स्वतःच्या कॉलेजात कोण काय करतंय ते बघितलंस का? तुझ्या पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही. पहिलं शिफारसपत्र तिथनंच मिळणार आहे बाबा.

प्रश्न : मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. पेपर उघडला की पहिल्या पानावरच अडकते. आमच्या कॉलेजात रिसर्च असं काही नाही. इंजिनिअरिंगवाल्यांनाच घेतात का? (गडहिंग्लज)

अगं नाही. उलट गणित चांगलं असेल तर बीएस्सीवाल्यांना काही दारं जास्त उघडी आहेत आणि ती कुणी सांगतच नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचं एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स आहे, त्यांची स्वतःची एन्ट्रन्स असते. गेट, म्हणजे एमटेक-पीएचडीच्या प्रवेशाची परीक्षा, आता तिसऱ्या वर्षात असतानाच देता येते. तीन विज्ञान अकादम्या मिळून समर फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञांकडं जाऊन काम करायचं, दिवाळीच्या आसपासपासनं त्यांच्या वेबसाइटवर लक्ष ठेव. एसीएम इंडिया या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेची समर स्कूल्स असतात, तिथं तर एकेका विषयातले चांगले लोक समोर बसून शिकवतात. आणि ग्राफ थिअरी, अल्गोरिदम असल्या विषयांना जीपीयू लागत नाही, वही-पेन लागतं.

पेपर वाचायचं म्हणशील तर तो कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासनं शेवटपर्यंत वाचायचाच नसतो. पहिल्या फेरीत नाव, सारांश, हेडिंगं, आकृत्या आणि शेवटचा भाग, पंधरा मिनिटं, बास. दुसऱ्या फेरीत मधलं वाच पण सिद्धता आली की उडी मार. तिसरी फेरी फक्त त्याच पेपरसाठी ज्यावर तू काम करणार आहेस, आणि ती वही घेऊन. पहिला पेपर मला आठवडा लागला होता. इंग्रजीचं म्हणशील तर पेपरांचं इंग्रजी लय मर्यादित असतं, तेच दोनेकशे शब्द फिरून फिरून येतात, चार-पाच पेपर झाले की ओळखीचे होतात.

अजून एक. मराठी मीडियम हे तू माफी मागितल्यासारखं लिहिलंयस. पुण्यात एल३क्यूब म्हणून एक गट आहे, त्यात इंजिनिअरिंगच्या पोरांनी मराठीसाठी डेटा आणि मॉडेलं उभी केलीत. त्यांचा महानेर नावाचा संच आहे, २५ हजार मराठी वाक्यं, आणि त्यातली माणसांची, गावांची, संस्थांची नावं हातानं खुणा करून ठेवलेली. आयआयटी मद्रासमध्ये एआय4भारत भारतीय भाषांवर काम करतंय, आयआयटी मुंबईत मराठीचं शब्दबंध, म्हणजे शब्द अर्थानं एकमेकांना जोडलेला कोश, झालं. ह्या कामात 'तो तिच्यावर उखडला' आणि 'रस्ता उखडला' ह्यातला फरक ज्याला विचार न करता कळतो असं माणूस लागतं. पण मराठी येतं म्हणून मराठीवरच काम करायचं असंही काही नाही, तुला ग्राफ आवडत असतील तर ग्राफच कर.

कॉलेजात रिसर्च नाही तर शनिवारी कोल्हापूरला ये, विद्यानगरला शिवाजी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स डिपार्टमेंट आहे, खर्डेकर ग्रंथालय आहे. आधी मेल करून वेळ माग आणि एक पेपर वाचून, त्यातली न कळलेली दोन वाक्यं लिहून घेऊन जा. प्रश्न घेऊन आलेल्या मुलीला कुणी परत पाठवत नाही, निदान चहा तरी पाजतात.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कंपनीची ऑफर सोडून एका आयआयटीत सरांच्या हाताखाली प्रोजेक्टवर जातो म्हणतोय. पगार किती, पुढं काय, आम्हाला काहीच कळत नाही. आमचा फाउंड्रीचा व्यवसाय आहे. (शिरोली एमआयडीसी)

काका, नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे. सरकारी प्रोजेक्टवर ज्युनिअर रिसर्च फेलो म्हणून लागला, आणि त्याला नेट किंवा गेटसारखी पात्रता लागते, तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी सीनिअर झाला की ४२ हजार. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप मिळाली तर ७० हजारांपासून सुरुवात, पण ती फार थोड्यांना मिळते. नुसता प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून गेला तर याहून कमी असू शकतं, म्हणून जाहिरातीत पदाचं नाव काय आहे ते नीट वाचायला सांगा. पीएचडी केली तर चार-पाच वर्षं धरून चला. पुढं मास्तरकी आहे, कंपन्यांच्या रिसर्च लॅब आहेत. पुण्यात टीसीएसची लॅब १९८१ पासून आहे, बंगळूरला मायक्रोसॉफ्टची २००५ पासून.

काम काय, तर तुम्हाला मी काय सांगणार. नवीन पॅटर्नची पहिली कास्टिंग फोडून बघितल्यावर आत ब्लोहोल निघतो, मग रायझर बदल, वाळूतला ओलावा बघ, परत ओत. तुमच्याकडं हे चार दिवस चालतं आणि गिऱ्हाईक फोन करतं. पोराकडं सहा महिने चालेल आणि फोन कुणाचाच येणार नाही. हे त्याला झेपतंय का एवढं एका वर्षात कळतं. कंपनीला विचारून बघा जॉइनिंग पुढं ढकलून देतात का, कधीकधी देतात. आणि घरी जेवताना रोज 'काय शोध लागला का' असं विचारू नका, प्लीज. माझे वडील विचारायचे.

प्रश्न : मला एका मॅडमांच्या ग्रुपमध्ये घेतलं, लय खुश होतो. पण दोन महिने झाले, नुसतं डेटा लेबलिंग चाललंय. कमेंट वाचायची, पॉझिटिव्ह का निगेटिव्ह टाकायचं. मॉडेलला हात पण लावू दिला नाही. वापरून घेतायत का मला? (ताराबाई पार्क)

असू शकतं. नसूही शकतं. हे कळायचं कसं ते सांगतो, पण आधी लेबलिंगविषयी, कारण त्याला तू 'नुसतं' म्हणालायस.

'काय नाद खुळा रस्ता केलाय' ही कमेंट घे. पॉझिटिव्ह का निगेटिव्ह? खाली खड्ड्याचा फोटो असेल तर निगेटिव्ह, नवीन डांबराचा असेल तर पॉझिटिव्ह, आणि फोटोच नसेल तर तुझ्यासमोर खरा प्रश्न उभा राहिला. 'जगात भारी' कौतुक आहे, पण 'आमचं नळाचं पाणी म्हणजे जगात भारी, तीन दिवसांनी येतंय' हे? असली वाक्यं एका वेगळ्या फाइलमध्ये टिपून ठेव. मग मित्राला बसव, तुझीच शंभर वाक्यं तुझी लेबलं न दाखवता त्याच्याकडनं लेबल करून घे आणि किती जुळतायत बघ. नुसते टक्के बघू नको, दोघांनी डोळे झाकून लावली असती तरी काही जुळलीच असती, तेवढा योगायोग वजा करून जो आकडा येतो त्याला कोहेनचा कप्पा म्हणतात. तो कमी आला तर दोष मॉडेलचा निघणारच नाही, तुम्हाला दिलेल्या नियमांचा निघेल. ही फाइल आणि हा आकडा घेऊन मॅडमांकडं जा. इमेजनेट नावाचा फोटोंचा संच घे, २००९ साली आलं, पुढं १ कोटी ४० लाखांच्या आसपास फोटोंपर्यंत गेलं, माणसांनी एकेक बघून खूण केलेले, आणि २०१२ साली फोटो ओळखणाऱ्या ज्या अ‍ॅलेक्सनेट मॉडेलनं सगळ्या जगाला हलवलं ते त्यावरच शिकलेलं होतं.

आता वापरून घेण्याचं. मॅडमना सरळ विचार, तोंडावर, नम्रपणे, की हे किती दिवस चालेल, यानंतर माझं काम काय आणि पेपर झाला तर माझं नाव कुठं येईल. हे विचारणं उद्धटपणा अजिबात नाही. चांगला गाईड याचं उत्तर लगेच देतो, अगदी 'नाव आभारात येईल' असं असलं तरी. उत्तर गोल गोल आलं, किंवा आठवड्याच्या मीटिंगला तुला बोलवतच नसतील, तर हातातलं काम नीट संपव, फाइली व्यवस्थित देऊन टाक आणि परीक्षा आहे म्हणून बाहेर पड. भांडून निघू नको, हे जग फार लहान आहे, वर माझं शेजारच्या खोलीचं प्रकरण वाचलंसच.

प्रश्न : एका जर्नलमध्ये १८०० रुपये भरले की आठवड्यात पेपर छापून सर्टिफिकेट देतात. सीव्हीत पेपर असेल तर प्रोफेसर घेतात ना? (इचलकरंजी)

नको. चांगल्या कॉन्फरन्समध्ये दोन-तीन अनोळखी लोक पेपर वाचून चिरफाड करतात, त्यालाच महिने जातात, आठवड्यात फक्त लग्नपत्रिका छापून मिळते. ज्या प्रोफेसरांना तू मेल करणार त्यांना असली जर्नलं नावानिशी माहीत असतात आणि सीव्हीत ते नाव दिसलं की बाकीचं चांगलं असलेलं पण वाचत नाहीत. कॉलेजच बळजबरी करत असेल, आणि करतात मला माहीत आहे, तर छाप बाबा, मार्क घे आणि सीव्हीत लिहू नको. राहिलेले १८०० रुपये... भरलेच नसशील तर तुझ्या त्या मित्राला पार्टी दे, ज्यानं तुला हे करू नको म्हणून सांगितलं असं तूच पत्रात लिहिलंयस.

प्रश्न : मेल सकाळी पाठवावा का रात्री? आणि रविवारी चालेल का? माझा सीव्ही जोडलाय, बघून सांगा. (उत्तरेश्वर पेठ)

कधीही पाठव. रविवारी रंकाळ्यावर भेळ खात पाठवलास तरी चालतंय. फक्त आयडी तेवढा बदल, 'किंग ऑफ पेठ ९६' वरनं आलेला मेल मी उघडला, सगळेच उघडतील असं नाही. आणि सीव्ही जोडलेला नाहीये, परत पाठव.